पानात न मावलेल्या दोन ओळी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या एकुलत्या एक, आणि म्हणूनच सर्वांत लाडक्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे तूच मला पट्टी हातात घेऊन शिकवलंस. पण मला वाढवलं तू, अभ्यासाला बसवलं तू, आणि ती पट्टीही तुझीच, तेव्हा तीर्थरूपच लिहितो. लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवू नकोस. मागच्या वेळी टपालवाल्यानं पाकिटातून डोकावणारी लाल शाई पाहिली आणि मला विचारलं, "पास झालात का?") इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे नीट पाहिलं तर कुणीच खुशाल नाही, पण पत्रात असंच लिहायची पद्धत आहे. तुझी तब्येत कशी आहे? भूक लागते का? झोप? गुडघा काय म्हणतो? आणखी महिनाभर, आपलं उगाच एक समज, तो सहन होण्यासारखा आहे का? सहज विचारतो.

वि. वि. गेल्या पत्रात तू विचारलं होतंस, की जुनी निळी कार्डं बंद झाली म्हणतात, तर भिंगरीचं नवं आरोग्यकार्ड झालं का? मावशी, या प्रश्नाला मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. तू समजलीस की मी आळशी आहे. मी आळशी आहे हे खरंच, पण या वेळी कारण ते नव्हतं. कारण असं, की भिंगरीचं कार्ड न होण्याला जगात एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो तिचा बाप आहे. एका भिंगरीचंच नव्हे, राज्यातल्या यच्चयावत पोरांचं. आता तू खुर्चीत नीट बस आणि पाणी जवळ घे.

तुला ठाऊकच आहे, आमच्या छापखान्यात सरकारी अर्ज छापले जातात आणि त्यांची पानं मी लावतो. रकाने, चौकटी, तुटक रेघा, "येथे फोटो चिकटवा", हे सगळं या हातांचं काम. (लोकांना वाटतं अर्ज आपोआप उगवतात.) तर सरकारनं आरोग्याची मोठी सुधारणा काढली. म्हाताऱ्यांचं हिरवं कार्ड, कामगारांचं पिवळं, मुलांचं निळं अशी सगळी कार्डं मोडून एकच मोठी योजना, आणि तिचा एकच अर्ज. घोषवाक्य होतं, "अख्खं आरोग्य एका पानावर". घोषवाक्य ज्यानं केलं त्यानं पान मोजलं नव्हतं. मजकूर पानाबाहेर दोन ओळी सांडत होता. मी समास चोरला. ओळींमधलं अंतर इतकं कमी केलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात जायला लागला. अक्षर बारीक करता येईना, कारण म्हाताऱ्यांना वाचता आलं पाहिजे असा लेखी हुकूम होता. मागची बाजू वापरता येईना, कारण मग ती दोन पानं होतात आणि घोषवाक्य खोटं पडतं. दोन ओळी काही केल्या मावेनात.

आता आमच्या छापखान्याची एक जुनी रीत आहे. जे मावत नाही ते तात्पुरतं काढायचं, "शिल्लक" असं लिहिलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, प्रूफ खात्याकडे पाठवायचं, आणि प्रूफ परत आलं की विचारायचं, साहेब, डब्यातल्याचं काय करू? रीत चांगली आहे. पण तिच्या शेजारी दुसरी रीत उभी आहे, ती अशी, की सही होऊन आलेल्या प्रूफला हात लावायचा नाही. काना नाही, मात्रा नाही, प्रश्न नाही. सही म्हणजे सही. आजपर्यंत या दोन रीती कधी एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या, कारण खात्याचे लोक प्रूफ वाचायचे.

काढायच्या कुठल्या दोन ओळी, यावर मी अर्धा दिवस घालवला. तू म्हणशील, गाढवा, "घरात वाहन आहे काय?" ती ओळ काढायची. पण मावशी, मी वेगळा विचार केला. वाहनाचं माणूस विसरू शकतो. मागच्या पाच वर्षांतल्या पत्त्यांचं विसरू शकतो. पण चौदावी ओळ होती, "अठरा वर्षांखालील मुले, नाव व वय", आणि पंधरावी, "मुलांच्या जुन्या कार्डांचे क्रमांक". आता मुलं कुणी विसरतं का? ती तर समोरच बसलेली असतात, अर्जावर दूध सांडत असतात. जे विसरलं जाणारच नाही ते काढायला सर्वांत सुरक्षित, असा माझा हिशोब. चौदा आणि पंधरा डब्यात टाकल्या, झाकण लावलं, आणि पान असं सुरेख बसलं, की फोरमननं (बावीस वर्षांत पहिल्यांदा) माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रूफ सकाळी गेलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत "ठीक" अशी सही होऊन परत आलं. सही म्हणजे सही. अकरा लाख प्रती छापून झाल्या.

आठवड्यानं अर्ज घरोघर पोचले. आमच्याही. तुझी सूनबाई जेवणाच्या टेबलावर तो भरत बसली होती आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात रेघांचं कौतुक करत होतो. तिनं नाव लिहिलं, व्यवसाय लिहिला, वाहन नाही असं लिहिलं, तेराव्या ओळीत "वयोवृद्ध आश्रित (एक)" तिथे तुझं नाव लिहिलं, आणि मग पेन वर धरून तिनं शांतपणे विचारलं, "मुलगी कुठे लिहू?" त्याच वेळी भिंगरी पलीकडच्या खोलीत पंप ओढत होती, तो फुस्स आवाज आला. तुला माहीत आहे तिचा दमा. सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा, की पोरगी दिवसभर नावाप्रमाणे फिरते, आणि नाही ओढला तर दाराच्या चौकटीला धरून उभी राहते. पंप मिळतो निळ्या कार्डावर, आणि निळी कार्डं एक तारखेपासून बंद झालेली. औषधवाल्याला म्हटलं, कार्ड राहू दे, विकत दे. तो म्हणाला, त्याच्या यंत्रात कार्ड घातल्याशिवाय त्या औषधाचं कपाटच उघडत नाही आणि यंत्र सुधारित आहे. पंपावर एक छोटा आकडा असतो, किती वेळा ओढायचा उरला त्याचा. त्या दिवशी तो चौसष्ट होता.

मला वाटलं, चूक लक्षात येईल, खातं धावत येईल, मी शुद्धिपत्रक छापीन, प्रश्न मिटेल. मावशी, खात्याला चूक करायची सवय आहे पण झालेली चूक ही चूक आहे असं म्हणायची नाही. वर्तमानपत्रांनी विचारलं, अर्जात मुलं का नाहीत? खात्यानं डबा शोधायच्या ऐवजी समिती नेमली. समितीनं चार दिवसांत एकशे चाळीस पानी अहवाल दिला, "बालकांचा अंतर्भाव न करण्यामागील तात्त्विक भूमिका". त्यात म्हटलं होतं, की बालपण ही मुळात तात्पुरती अवस्था आहे आणि तात्पुरत्या गोष्टींवर कायमची योजना उभी करणं शास्त्राला धरून नाही. मुलांना वगळलेलं नसून भविष्यकाळात घेतलेलं आहे. प्रत्येक मूल अठरा वर्षांचं झालं, की त्याच्या लहानपणच्या सर्व आजारांचा सहानुभूतीनं विचार केला जाईल. रेडिओवर एक तज्ज्ञ म्हणाले, की हा निर्णय घ्यायला धैर्य लागतं. मी तेव्हा दाढी करत होतो आणि कान कापून घेतला.

शेवटी सूनबाईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. (ती ओरडते तेव्हा बरं असतं.) ती म्हणाली, "मग जा आणि त्यांना सांग." गेलो. आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद लिफ्टच्या शेजारच्या जिन्यानं, मोठ्या साहेबांच्या दारात दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि आत गेल्यावर एका दमात सांगून टाकलं, की साहेब, त्या दोन ओळी मी काढल्या, पानात मावत नव्हत्या, बिस्किटांच्या डब्यात आहेत, आणल्यात. आणि डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "अहो, राज्याचं धोरण असं तुमच्या कात्रीनं ठरतं होय? अठरा महिने विचार चाललाय यावर." मी म्हटलं, साहेब, अर्ज तर महिन्यापूर्वीचा आहे. ते गंभीर झाले. म्हणाले, काही सामान्य माणसांना प्रत्येक मोठ्या घटनेत आपला हात होता असं वाटतं, हा एक आजार आहे आणि तो नव्या योजनेत बसतो, अर्ज भरा. वर मला त्या अहवालाची एक प्रत भेट दिली. तो अहवालही आमच्याच छापखान्यात छापलेला, पानं मीच लावलेली. त्यात मात्र सगळं व्यवस्थित मावलं होतं, एक ओळ काढावी लागली नव्हती. डबा काखेत मारून घरी आलो. पंपावर अठरा.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला आणि सूनबाईला घेऊन सरळ नोंदणी कार्यालयात गेलो, खिडकी क्रमांक चार. तिथला कारकून बरा माणूस निघाला. त्यानं अर्ज उलटसुलट पाहिला (उलट बाजू कोरी, मी सांगितलंच), मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "मुलांची ओळ नाही, पण म्हाताऱ्यांची आहे. चाचणीत पास झाली तर माझी हरकत नाही." वयोवृद्ध असल्याची चाचणी म्हणून त्याच्याकडे छापील प्रश्न होते. समोरचे दात शाबूत आहेत का? भिंगरीनं तोंड उघडून दाखवलं, चार गायब. आधाराशिवाय जिना उतरता येतो का? येतो, पण ती कठड्यावरून घसरते, त्यानं "नाही" असं लिहिलं. दुपारी झोप लागते का? लागते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते का? त्यानं हा प्रश्न विचारायच्या आधीच तिची त्याला वर्गातल्या उंदराची गोष्ट दोनदा सांगून झाली होती. पहिल्या हाकेला ओ देते का? सूनबाई नुसती हसली. सकाळी काय खाल्लं आठवतं का? "काहीच नाही दिलं मला," भिंगरी म्हणाली, आणि हनुवटीला जॅम. कारकुनानं मान डोलावली, अगदी त्याची आजी अशीच म्हणते म्हणाला. सहापैकी सहा गुण मिळाले.

इथवर ठीक होतं. पण तेराव्या ओळीत कंसात "एक" असं आहे, आणि ते एक तू आहेस. यंत्रात तुझं नाव, तुझी जन्मतारीख आधीच चढलेली. दुसरं माणूस चढेना, आणि तुला उतरवायचं तर तुझा मृत्यूचा दाखला मागत होते. (तो मी द्यायला साफ नकार दिला, याची कृपया नोंद घे.) तेव्हा कारकून म्हणाला, मग या बाई त्याच बाई, असं करू. म्हणजे कागदोपत्री भिंगरी आता तू आहेस. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. वरच्या अधिकाऱ्यासमोर ओळख पटवायची होती. तो आत आला, खुर्चीत पसरला आणि संशयानं म्हणाला, "या मुख्याध्यापिका?" पण मावशी, तुझ्याकडे काढलेली एक सुट्टी वाया गेली नाही. भिंगरीनं हात मागे बांधले, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी सरळ बस. पोक काढून बसलास तर जन्मभर तसाच राहशील." तो सरळ बसला. "नखं दाखव." त्यानं दाखवली. "उद्या कापून ये. आणि सहीचं अक्षर सुवाच्य काढ, कोंबडीचे पाय नकोत." त्यानं जीभ बाहेर काढून इतकी सुरेख सही केली, की कारकून उठून बघायला आला. बाहेर पडताना तो अधिकारी मला म्हणाला, शाळेत यांच्या हाताखाली असतो तर आज कुठल्या कुठे असतो.

औषधवाल्याचं कपाट उघडलं. पंप मिळाला, डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला तोच, तेवढाच. शिवाय ज्येष्ठांचा संच म्हणून एक काठी, गरम पाण्याची पिशवी आणि गुडघ्याचं तेल फुकट. काठीनं भिंगरी आता वरच्या मजल्याच्या घंट्या वाजवते. त्या रात्री ती शांत झोपली आणि मी तिच्या छातीवर कान ठेवून बसलो. शिट्टी वाजत नव्हती. मावशी, तुला खोटं सांगत नाही, मी रडलो.

आता ही युक्ती खिडकी क्रमांक चारपुरती थोडीच राहणार? पंधरा दिवसांत सगळं शहर शिकलं. शाळेच्या फाटकाबाहेर वयोवृद्धांची रांग लागते, पाठीवर दप्तरं, नाकं वाहतायत. कुणाची सासू पाच वर्षांची आहे, कुणाचे आजोबा रांगतात. शेजारच्या शिंप्याचे दिवंगत वडील परवा गालगुंड झालं म्हणून दवाखान्यात जाऊन आले. खात्यानं आकडे पाहिले आणि घोषणा केली, की नव्या योजनेमुळे महिन्याभरात ज्येष्ठांची संख्या दुप्पट झाली, लोक जगायला लागले. मोठ्या साहेबांचा सत्कार झाला. आणि सत्कारावरून परतल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं, की एवढे म्हातारे योजनेला झेपायचे नाहीत. म्हणून आता सुधारित अर्ज निघतोय. काल तो पानं लावायला माझ्याकडे आला. हुकूम एका ओळीचा आहे, "ओळ क्रमांक तेरा काढून टाकावी".

म्हणजे मुलं तर गेलीच होती, आता म्हातारेही. भिंगरीही गेली आणि तूही. राहिले वाहनवाले. सध्या इतकंच. सूनबाईचा नमस्कार, भिंगरीचा (तुझ्यातर्फे तुलाच) आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा,
पट्टी न विसरलेला भाचा

ता. क. प्रकृतीला जप हे मी शिष्टाचार म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया याच महिन्याच्या अठरा तारखेला आहे, हे मला माहीत आहे. ती ज्या कार्डावर आहे ते कार्ड भिंगरीच्या गळ्यात आहे. तेव्हा गुडघा कृपा करून पुढच्या महिन्यावर ढकल. मला हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण धीर झाला नाही. दरम्यान तपासनीस तुझ्याकडे आलाच आणि चौऱ्याहत्तर वर्षांची बाई इकडे नोंदलेली असताना तू कोण असं विचारलंच, तर तू सहा वर्षांची आहेस. फार बोलू नकोस आणि कवळी काढून ठेव.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं आहे ते हे. डबा अजून माझ्याकडे आहे. तेरा काढायची नाही, चौदा आणि पंधरा परत घालायच्या, आणि प्रूफ तसंच पाठवायचं, असं माझ्या मनात आहे. हे लोक अर्जात जे छापलेलं असतं त्यालाच धोरण म्हणतात, हे मी पाहिलंय. मात्र जागा करायला दुसऱ्या दोन ओळी काढाव्या लागतील. पकडलं गेलो तर नोकरी गेली, आणि मग तेही मुकाट्यानं सोसावं लागेल. तू सांगितलंस तर करीन. करू की नको, एवढं एका शब्दात ताबडतोब कळव.

ता. क. तिसरा. ताबडतोब कळवू नकोस. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि मधे दोन दिवस गेले. प्रूफ परवा गेलं, जेवणाच्या आत "ठीक" होऊन आलं. फोरमननं सहीचं प्रूफ हातात घेतलं, तेरा वाचली, चौदा वाचली, पंधरा वाचली, चष्मा काढून पुसला (त्याला दोन लहान नाती आहेत), आणि म्हणाला, "सही म्हणजे सही." आज सकाळी अकरा लाख प्रती छापून झाल्या. काढलेल्या दोन ओळी तळाच्या आहेत. "अपूर्ण अर्ज कारण न देता फेटाळले जातील" आणि "याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही". पान सुरेख बसलंय. एक प्रत सोबत जोडली आहे, मुलांच्या ओळीवर बोट फिरवून बघ, शाई वाळली आहे. तुला विचारल्याशिवाय मी आजवर मोठं काही केलं नव्हतं. हे करून बसलो आणि मग विचारतोय. चूक असेल तर आल्यावर कान धर. बरोबर असेल तरी धर, भिंगरीला ते एकदा बघायचंच आहे.